पाऊस, पायऱ्या आणि पंधरा लाख: एका तालुका वाचनालयाने पैसा कुठे लावला

पार्श्वभूमी

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे वाचनालय. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. मी त्या काळात कार्यकारी मंडळात होतो आणि पुढे इमारत व संगणक या दोन्ही कामांची उपसमिती माझ्याकडे आली. त्यामुळे यातल्या चुकांची जबाबदारीही माझ्याकडे येते.

कोकणाला वाचनालयांची परंपरा जुनी. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. आमचं त्या मानाने धाकटं, पण शंभरी ओलांडलेलं. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि वर माडी. खाली वर्तमानपत्रांची दोन लांब टेबलं, सभागृह आणि रस्त्याकडेचे दोन गाळे. माडीवर देवघेव आणि सुमारे ३१ हजार पुस्तकं. माडीवर जायला अठरा पायऱ्यांचा लाकडी जिना, त्याला कठडा एकाच बाजूला. चार कर्मचारी: ग्रंथपाल ताई, सहायक, लिपिक आणि शिपाई.

उत्पन्न कुठून येतं हे आधी सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता असलेल्या ग्रंथालयाला शासनाकडून परिरक्षण अनुदान मिळतं. ते दोन हप्त्यांत येतं आणि निम्मं पगारावर खर्च करावं लागतं. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, नियतकालिकं, वीज, दुरुस्ती आणि छपाई बसवायची. २०२२ मध्ये हे अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. पण आधीची दहा वर्षं रक्कम जागची हलली नव्हती, त्यामुळे वाढ बरीचशी मागचं भरून काढण्यातच गेली. याशिवाय वर्गणी, गाळ्यांचं भाडं आणि सभागृहाचं भाडं. यातून छपरासारखं मोठं काम निघत नाही. दरवर्षी चार-दोन कौलं बदलायची आणि पावसाळ्यात माडीवर बादल्या मांडायच्या, असं चाललं होतं.

प्रश्न

२०२२ च्या डिसेंबरात गावातल्या एका घराण्याकडून पत्र आलं. मुलगा बरीच वर्षं परदेशात. आई वारली, तिच्या नावाने वाचनालयाला १५ लाख रुपये द्यायचे होते. आईला वाचनाचं वेड होतं आणि तिच्या गावात 'डिजिटल लायब्ररी' उभी राहावी, असं पत्रात लिहिलं होतं. सोबत एका पुरवठादाराचं दरपत्रकही जोडलं होतं: दहा संगणक, ई-बुक वाचायचे टॅब, दाराशी स्पर्शपडद्याचं यंत्र आणि प्रत्येक पुस्तकात आरएफआयडी चिप, म्हणजे रेडिओलहरींनी पुस्तक ओळखू देणारी चकती.

पत्र मंडळाच्या सभेत वाचलं गेलं. मग दहा-बारा सेकंद कोणी बोललं नाही. एवढी रक्कम संस्थेने कधी पाहिली नव्हती. आमचे कोषाध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यांचा पासपोर्ट कुठला?" तेव्हा काहींना तो अप्रस्तुत वाटला, पण तो फार महत्त्वाचा होता. भारतीय नागरिक परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल, तर त्याची देणगी परकीय अंशदान धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. दात्याचा पासपोर्ट भारतीयच निघाला. उलटं निघालं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. देणगीचं पत्र आलं की सत्काराच्या आधी हा प्रश्न विचारावा, असं मी आता प्रत्येक संस्थेला सांगतो.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. पैसा ज्या कामासाठी येत होता, ते आमचं पहिलं काम नव्हतं. माडीवर उत्तरेकडच्या बाजूला पाणी गळत होतं. त्या भिंतीला लागून चरित्रं आणि बांधीव मासिकं होती. दर सप्टेंबरात ताई ती उन्हात पसरून ठेवायच्या. तरी पानांना बुरशीचे करडे डाग यायचे आणि कपाट उघडलं की ओलसर वास नाकात भरायचा. स्वच्छतागृह एकच, मागच्या अंगणात, बाहेरच्या बाजूने जायचं, दाराची कडी मोडलेली. महिला सभासद कमी होत चालल्या होत्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं जागेअभावी जिन्यात बसायची.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दात्याच्या मनासारखं सगळं करायचा. अध्यक्षांचा कल सुरुवातीला याच बाजूला होता आणि त्यांचं कारण रास्त होतं: देणाऱ्याने ज्यासाठी दिलं त्यासाठीच ते वापरावं. पण ३१ हजार पुस्तकांच्या चिपांवरच जवळजवळ सव्वातीन लाख जात होते. चिप ओळखणारे, दाराशी लावायचे खांब वेगळे आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचा वार्षिक करारही वेगळा. शिवाय आरएफआयडी कशासाठी असते? पुस्तक चोरीला जाऊ नये आणि देवघेव झटपट व्हावी यासाठी. आमच्याकडे दिवसाला पंचेचाळीसच्या आसपास पुस्तकं जात होती आणि चोरीपेक्षा कसर आणि वाळवी यांनीच जास्त पुस्तकं नेली होती.

दुसरा पर्याय देणगी नम्रपणे नाकारायचा आणि अनुदानाच्या वाढीतून चार वर्षांत छप्पर करायचा. याला एकाच सभासदाचा पाठिंबा होता. तो मागे पडला आणि ते योग्यच झालं.

तिसरा पर्याय नवी इमारत बांधायचा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून इमारतीसाठी आणि साधनसामग्रीसाठी साहाय्याच्या योजना आहेत. आमदार निधीचाही विषय निघाला. पण प्रस्ताव, नकाशे, मंजुऱ्या आणि राज्याचा हिस्सा हे सगळं जमून येईपर्यंत किती पावसाळे जातील, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. माडीवरची पुस्तकं तेवढा वेळ थांबणार नव्हती.

चौथा पर्याय दात्याशी बोलून रक्कम वाटून घ्यायचा. तो सगळ्यांच्या मनात होता. पण वाटायची कशी, यावर दोन सभा नुसत्या बोलण्यात गेल्या. जो तो आपल्या अनुभवावरून बोलत होता. मी स्वतः मुलांच्या अभ्यासिकेवर अडून बसलो होतो, कारण संध्याकाळी मी जायचो तेव्हा मला तीच दिसायची.

परतलेल्यांची वही

ही कोंडी ताईंनी फोडली. त्या मंडळाच्या सदस्य नाहीत. सभेला टिपणं घ्यायला बसतात आणि सहसा बोलत नाहीत. दुसऱ्या सभेच्या शेवटी त्या म्हणाल्या, "सर, जे आत येतात त्यांचं आपण बोलतोय. जे दारातून परत जातात त्यांची नोंद कुठंय?"

दुसऱ्या दिवशी एक दोनशेपानी वही आणली. पंधरा दिवस खालच्या टेबलाशी कोणी ना कोणी बसलं, कधी शिपाई, कधी लिपिक, तीन संध्याकाळी मी. कोणी दारात येऊन परत फिरलं, किंवा काही विचारून काम न होता गेलं, तर एक ओळ लिहायची. शक्य असेल तर कारण विचारायचं. त्याच वेळी ताईंनी गेल्या तीन वर्षांत वर्गणी बंद केलेल्या सभासदांची कार्डं काढली आणि साठेक जणांना फोन केले. फोन केले ताईंनीच, कारण मंडळातल्या कोणी केले असते, तर लोक भिडेखातर गोड बोलले असते.

त्या वहीची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. काही ओळी जशाच्या तशा:

'आजी, काठी. वर येत नाही म्हणाल्या. नातवाला चिठ्ठी देऊन पाठवीन.'

'दोन बायका. बाथरूम विचारलं. दाखवलं. गेल्या.'

'मुलगा, पोलीस भरती. चार्जिंगला जागा आहे का. नाही.'

'गृहस्थ, शिक्षक. लेखकाचं नाव माहीत, पुस्तकाचं नाही. वहीत शोधलं, सापडलं नाही. अर्धा तास थांबले.'

वहीत आणि फोनवर मिळून सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण जिना. त्याखालोखाल महिलांनी सांगितलेलं स्वच्छतागृह, आणि तेही बहुतेकींनी आडवळणाने, 'जास्त वेळ बसता येत नाही' अशा शब्दांत. त्यानंतर 'हवं ते सापडत नाही.' ई-बुक हवं असं एकानेही म्हटलं नाही. यावरून ई-बुक नकोत असा निष्कर्ष काढणं चूक होतं. जे लोक वाचनालयाकडे ई-बुकसाठी बघतच नाहीत, ते दारात येऊन परत कशाला जातील? वहीची ही मर्यादा आमच्यातल्या तरुण सभासदाने दाखवून दिली. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करून गावी परतलेला होता. पण 'सापडत नाही' ही तक्रार त्यानेच उचलून धरली. आपल्याला तंत्रज्ञान हवंच आहे, म्हणाला, पण ते टॅबमध्ये नाही, पुस्तकसूचीमध्ये हवंय.

दात्याचं मन

आता दात्याला सांगायचं होतं. अध्यक्षांनी पत्राचा मसुदा केला, दोनदा फाडला. तिसऱ्या वेळी ताईंनी त्या बाईंचं, म्हणजे दात्याच्या आईचं, सभासद कार्ड शोधून काढलं. आमच्या जुन्या देवघेव वहीत 'हस्ते' असा एक रकाना आहे. सभासद स्वतः आला नसेल, तर पुस्तक कोणी नेलं ते तिथे लिहितात. शेवटची चार वर्षं त्यांच्या प्रत्येक नोंदीपुढे तो रकाना भरलेला होता: हस्ते शेजारचा मुलगा, हस्ते कामवाली, हस्ते रिक्षावाला. त्याआधीच्या पंधरा वर्षांत तो बहुतेक कोरा.

अध्यक्षांनी त्या दोन पानांचे फोटो पाठवले, वहीतले आकडे पाठवले आणि विचारलं, आईंच्या नावाने आधी खालच्या मजल्यावर देवघेव आणली तर चालेल का? तीन दिवसांनी फोन आला. छप्पर, खालचा मजला, स्वच्छतागृह यांना त्यांनी होकार दिला. दोन अटी घातल्या. पुस्तकसूची संगणकावर आलीच पाहिजे आणि वर्षभराने खर्चाचा हिशेब दाखवायचा. दोन्ही अटी आमच्या भल्याच्या होत्या.

कामाचा क्रम आणि पैसा

कोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे छप्पर मेच्या मध्यापर्यंत झालंच पाहिजे, बाकी सगळं नंतर.

छपरावर पत्रे घाला, असं अनेकांनी सुचवलं. स्वस्त पडले असते. पण पावसाळ्यात पत्र्याखाली बोललेलं ऐकू येत नाही आणि एप्रिल-मे महिन्यात माडीवर बसवत नाही. वाचनालयाला ते परवडणारं नव्हतं. कौलं उतरवून वासे आणि रिपा बदलायचं ठरलं. अंदाज ४ लाख २० हजारांचा. कौलं उतरल्यावर सुतारकाकांनी मला वर बोलावलं. मुख्य तुळईत पटाशी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली. "ह्या तुळईत आता काय रवलां नाय," एवढंच बोलले. आतून वाळवीने पोकळ केलेली तुळई आणि तिच्या खाली आम्ही इतकी वर्षं पुस्तकं ठेवत होतो. तुळई बदलली, शेजारच्या दोन वाशांच्या टोकांना लोखंडी पट्ट्या घातल्या आणि छप्पर ५ लाख २० हजारांना गेलं.

वाढलेला एक लाख कुठून काढायचा? इथे कोषाध्यक्षांच्या एका सवयीने वाचवलं. त्यांनी खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक वस्तूपुढे एक जादा रकाना ठेवला होता: 'दरवर्षी किती?' संगणकापुढे वीज, दुरुस्ती, इंटरनेट आणि पाच वर्षांनी नवा, अशी नोंद होती. छपरापुढे जवळजवळ शून्य. दरपत्रकात दहा संगणक होते, आमच्या तक्त्यात पाच; त्या पाचांचे आम्ही तीन केले, तेही वापरलेले पण कंपनीकडून तपासून आलेले. स्पर्शपडद्याचं यंत्र आणि टॅब पूर्ण गेले.

शेवटचा हिशेब असा: छप्पर ५.२० लाख, स्वच्छतागृह आणि उतार २.६० लाख, खालच्या देवघेवीचे रॅक, वायरिंग आणि दिवे १.९० लाख, संगणक, बारकोड वाचक, लेबलं आणि बॅटरी १.३० लाख, नोंदी करणाऱ्यांचं मानधन ८० हजार, पुस्तकं हलवण्याची वाहतूक आणि पोती २० हजार, आणि ३ लाख मुदत ठेवीत. त्या ठेवीचं व्याज फक्त दुरुस्तीसाठी, असा ठराव केला. या तीन लाखांवर सभेत सगळ्यात जास्त वाद झाला. देणगी ठेवीत कशाला, लोकांना काम दिसू दे, असं म्हणणारे बरेच होते. कोषाध्यक्ष ठाम राहिले आणि त्यांचं ऐकलं हे बरं झालं. दुसऱ्याच वर्षी बॅटरीचं काम त्या व्याजातून भागलं.

उताराचं थोडं सविस्तर सांगतो, कारण अनेक ठिकाणी तो नुसता नावापुरता केलेला दिसतो. चाकाच्या खुर्चीला चढता यावा यासाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. आमचं जोतं दीड फुटाचं, म्हणजे उतार अठरा फुटांचा. एवढी लांबी अंगणात घ्यायची, तर दुचाकी लावायची जागा गेली. त्यावरून दोन महिने तक्रारी आल्या. एका सदस्याने सहा फुटांत बसवू म्हटलं. त्या सहा फुटांच्या उतारावरून कोणी खुर्ची ढकलली असती, तर खुर्ची उलटली असती.

खाली आणायला सगळी ३१ हजार पुस्तकं बसणार नव्हती. दोन्ही बाजूंनी भरलेला एक लोखंडी रॅक तीनशे किलोच्या घरात जातो. माडीच्या लाकडी जमिनीवरचा भार कमी होणं हा मोठा फायदा होताच. ताईंनी गेल्या दोन वर्षांत एकदा तरी बाहेर गेलेली पुस्तकं निवडली, ती साडेसहा हजारांच्या आसपास भरली. ती आणि सगळा बालविभाग खाली आला. बाकीची वरच राहिली. ती मागितली तर शिपाई आणून देतो. रिकाम्या झालेल्या दक्षिणेकडच्या खिडक्यांशी मुलांसाठी टेबलं आणि प्लग आले.

पुस्तकसूची: इथे आम्ही अडखळलो

बांधकामात पैसा वाढला, पण काम सरळ झालं. सूचीचं काम उलट झालं. पैसा फारसा वाढला नाही, पण चुका भरपूर झाल्या.

साधारण २००९ मध्ये एकदा सगळी सूची संगणकावर भरून घेतलेली होती. फाइल सापडली तेव्हा आम्ही खूश झालो, अर्धं काम झालंच असं वाटलं. उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं आणि चिन्हं यांची खिचडी. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या, आधीच्या टंकात भरलेली होती. तो टंक असेल तरच वाचता येणार आणि युनिकोडमध्ये टंकून शोधता तर तेव्हाही येणार नाही. रूपांतर करणारी साधनं मिळतात. आम्ही शंभर नोंदी करून पाहिल्या. साधे शब्द सुटले, जोडाक्षरं आणि रफार बिघडले, आकडे आणि किमती एकमेकांत मिसळले. तपासायला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात नवी नोंद झाली असती. नव्याने भरायचं ठरलं. हा निर्णय बरोबर होता.

पुढचा चुकला. लवकर व्हावं म्हणून आम्ही टंकलेखन करणाऱ्या दोन मुलांना दाखल नोंदवही समोर ठेवून बसवलं. नोंदवहीत शंभर वर्षांची हस्ताक्षरं, कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं. मुलांनी जसं दिसलं तसं भरलं. चार हजार नोंदी झाल्यावर ताईंनी एका लेखकाचं नाव शोधलं, तर तो पाच वेगवेगळ्या रूपांत निघाला आणि प्रत्येक रूपाखाली दोन-तीन पुस्तकं. शोध घेणाऱ्याला पाचातलं एक रूप माहीत असणार. म्हणजे शिक्षकांना अर्धा तास थांबवणारी तक्रार आम्ही संगणकावर जशीच्या तशी नेऊन ठेवली होती.

त्यात अक्षरांचा एक गुंता होता, जो मला आधी ठाऊक नव्हता. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. 'ॲड.' मधला ॲ सुद्धा एका अक्षरचिन्हाने किंवा अ आणि त्यावरच्या चंद्राने लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला वेगळे. एकाने एका कळफलकावर, दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर भरलं आणि शोध रिकामा यायला लागला.

काम थांबवलं. ताईंनी एक पानाचा नियम लिहिला: पुस्तक हातात घ्यायचं, मुखपृष्ठावरून नाही तर आतल्या शीर्षकपानावरून भरायचं, आडनाव आधी, मग आद्याक्षरं, प्रत्येकानंतर टिंब आणि मोकळी जागा, लेखकांच्या नावांची एक मान्य यादी, नवं नाव ताईंनी बघितल्याशिवाय त्यात जाणार नाही, सगळ्यांनी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण मांडणीचा, कळफलकच वापरायचा. लिपिक मुलगी टंकलेखन परीक्षा पास झालेली, पण जुन्या यंत्राच्या कळफलकावर. तिला इनस्क्रिप्टवर हात बसायला तीन आठवडे लागले. पहिल्या चार हजार नोंदी पुन्हा तपासल्या. पूर्ण ३१ हजारांचा हट्ट सोडला. आधी खालची साडेसहा हजार आणि बालविभाग, मग वर्षाला जमतील तेवढ्या.

सॉफ्टवेअरसाठी तीन रस्ते होते. एका स्थानिक पुरवठादाराचं, ज्यात करार संपल्यावर आपली माहिती बाहेर कशी काढायची याचं उत्तर मिळेना. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय. आणि कोहा. कोहा मुक्त स्रोताचं, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारं आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय न्यासासाठी ते तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये चालू झालं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. परवान्याला पैसे नाहीत, माहिती आपल्या हातात राहते. आम्ही कोहा घेतलं, कारण तो तरुण सभासद ते बसवून देणार होता.

आठ महिन्यांनी त्याला बंगळूरला नोकरी लागली. सहा आठवड्यांनी वीज गेली-आली, त्यात मुख्य संगणक उठेना. माहितीची शेवटची राखीव प्रत एका पेनड्राइव्हवर, तीही एकोणीस दिवसांपूर्वीची. नऊ दिवस यंत्रणा बंद होती. वाचनालय मात्र एक दिवसही बंद राहिलं नाही, कारण ताईंनी जुनी कार्डं जपून ठेवली होती. संगणक चालू झाला तेव्हा आम्ही ती रद्दीत काढायच्या बेतात होतो आणि त्या म्हणाल्या होत्या, "वर्षभर तरी जाऊ दे. पावसाळा बघू दे त्याला एक." दुरुस्तीनंतर लिपिकाला आणि सहायकाला दोघांनाही यंत्रणा पुन्हा बसवण्यापर्यंत शिकवलं. रोजची प्रत दोन ठिकाणी जाते, त्यातली एक इमारतीबाहेर.

निष्पत्ती

खाली देवघेव आल्यानंतर वर्षभरात रोजची पुस्तकं पंचेचाळीसवरून सत्तरच्या पुढे गेली. बंद पडलेल्या सभासदांपैकी एकवीस जण परत आले, त्यात सोळा महिला. माडीवर दोन पावसाळे बादली लागलेली नाही. उत्तरेच्या भिंतीची चरित्रं यंदा उन्हात पसरावी लागली नाहीत.

संगणकांचा वापर मात्र आम्ही ठरवला होता तसा झाला नाही. सूची बघायला एक पुरतो. बाकीच्या दोनांवर लोक अर्ज भरतात: परीक्षांचे, शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे. ज्याच्या घरी संगणक नाही आणि ज्याला मोबाइलवर फॉर्म भरताना घाम फुटतो, त्याला दुसरी जागा कुठे आहे? हे वाचनालयाचं काम नाही, असं सभेत एकदा म्हटलं गेलं. मला ते पटलं नाही. पण याची एक बाजू आम्ही पाहिली नव्हती. एके दिवशी लिपिकाने डाउनलोडचा कप्पा उघडला, तर त्यात अनोळखी लोकांची आधार कार्डं, गुणपत्रिका आणि बँकेची पासबुकं पडलेली. कोणालाही दिसतील अशी, कित्येक आठवड्यांची. तेव्हापासून सार्वजनिक संगणकांवर पाहुण्याचं खातं आहे, बाहेर पडताच सगळं पुसणारं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

'डिजिटल' हा शब्द दात्याने वापरला होता, म्हणून एक काम त्या अर्थाने केलं: गावच्या जुन्या साप्ताहिकाचे एकोणीस बांधीव खंड कॅमेऱ्याने टिपून ठेवले. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, त्यामुळे सगळे खुले करता येत नाहीत. जुने तेवढे सूचीला जोडले, बाकीचे फक्त वाचनालयात बसून बघायला ठेवले. ते काम बघायला दाते स्वतः आले होते. त्यांनी सूचीत आईच्या आवडीचं एक पुस्तक शोधलं, ते खालच्या रॅकवरून स्वतः काढलं आणि तिथेच बसून वाचलं.

पुन्हा करायचं झालं तर

पुस्तकं पोत्यांत भरून शाळेच्या सभागृहात पाच आठवडे ठेवली होती, तीच मोजणीची आणि छाटणीची वेळ होती. प्रत्येक पुस्तक हातात येत होतं. आम्ही घाईत ते केलं नाही. जुनी गाइडं आणि वाळवीने खाल्लेली पुस्तकं पुन्हा माडीवर चढली आणि सहा महिन्यांनी ठराव करून खाली उतरली. दुप्पट मजुरी, दुप्पट धूळ.

छपराचा अंदाज घेण्याआधी दोन-चार कौलं उतरवून तुळई तपासायला सुतारकाकांना बोलवायला हवं होतं. एका दिवसाची मजुरी वाचवायला गेलो आणि पुढे एक लाखाची तजवीज घाईत करावी लागली.

संगणकाचं काम एका माणसाच्या उत्साहावर उभं केलं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. त्याची यात काही चूक नव्हती. कर्मचाऱ्यांना पहिल्या दिवसापासून शेजारी बसवायचं, त्याऐवजी आम्ही त्यांना तयार यंत्रणा दिली.

संध्याकाळची वेळ नऊपर्यंत वाढवा, ही मुलांची मागणी अजून तशीच आहे. त्याला दुसरी पाळी लागते आणि पाळीला पगार. अनुदानातला पगाराचा हिस्सा तेवढा पुरत नाही आणि देणगीतून पगार द्यायला मंडळ तयार नाही, कारण देणगी संपेल आणि माणूस मात्र राहील. मी याच्या बाजूने दोनदा बोललो, दोन्हीदा हरलो. पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहे, या वेळी गाळ्यांच्या वाढलेल्या भाड्याचा हिशेब सोबत घेऊन.

परतलेल्यांची वही बंद केलेली नाही. ती आता देवघेवीच्या टेबलावर असते. गेल्या तीन महिन्यांत तिच्यात एकच ओळ वेगवेगळ्या हस्ताक्षरांत वारंवार येते आहे: 'मोठ्या अक्षरांचं काही आहे का? नाही.' मराठीत तशी पुस्तकं कमी निघतात, म्हणून ताईंनी सध्या दिव्याची दोन उभी भिंगं मागवली आहेत. एक खिडकीपाशी, एक वर्तमानपत्रांच्या टेबलावर.